पट्टेरी पाहुणे

आमची वस्ती राहुरी तालुक्यात आहे. पावसाळा सुरू झाला की वस्तीच्या वाटेला गाजरगवत कमरेएवढे वाढते. माझ्या आईला त्याचा फार त्रास होतो. खुरपायला गेली की हात लाल होतात, पुरळ उठते. रात्री ती झोपेतसुद्धा हात खाजवते.

मागच्या श्रावणात शाळेत येताना मला त्या गवतावर भुंगेरे दिसले. तुरीच्या दाण्याएवढे, पांढुरक्या पाठीवर काळपट पट्टे. असले भुंगेरे मी कधी पाहिले नव्हते. वाटले, आता हे आमची बाजरी खाणार! मी चपलेने पुष्कळ मारले आणि गुरुजींना ही बहादुरी सांगितली. गुरुजी म्हणाले, "अरे, आधी ते काय खातात ते तर बघ."

मी दहा-बारा भुंगेरे बरणीत घालून तोंडाला फडके बांधले. आत बाजरीचे पान, वांग्याचे पान आणि गाजरगवताचा कोवळा शेंडा ठेवला. तीन दिवसांनी पाहतो तर बाजरी तशीच, वांगे तसेच. गाजरगवताच्या मात्र नुसत्या काड्या उरल्या होत्या!

मग गुरुजींनी वर्गात सगळी हकिकत सांगितली. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते १९५५ साली पुण्यात दिसले आणि देशभर पसरले. त्याला खाणारे इथे कोणी नव्हते. म्हणून शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून हे भुंगेरे बंगळूरला आणले आणि १९८४ साली मोकळे सोडले. म्हणजे गवत आणि भुंगेरे एकाच मुलखाचे! पावसाळा सरला की ते जमिनीत निजतात आणि पुढच्या पावसाला वर येतात.

घरी आलो तर बाबा फवारणीचा पंप घेऊन निघालेले. मी वाट अडवून बरणी दाखवली. बाबा म्हणाले, "एवढासा किडा काय गवत संपवणार?" पण त्यांनी पंप खाली ठेवला. आई म्हणाली, "माझी खुरपणी करायला एवढ्या लांबून आलेत व्हय? आन तू त्यांना चपलेनं मारलंस!" मला फार वाईट वाटले.

गवत सगळे संपले नाही. पण एका कडेच्या पानांची चाळणी झाली. बाकीचे आई हाताला फडके बांधून फुलाआधीच उपटते.

मित्रांनो, यंदाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे पुन्हा वर आले आहेत. मी सतरा मोजले. शाळेच्या कुंपणापाशीही आहेत. बघा, पण चप्पल उगारू नका.

– इयत्ता ६ वी