ओगियनचे मौन

अद्भुतरम्य बालसाहित्यातील ज्ञानी वृद्धाचा विचार करताना आपली समीक्षा युंगच्या आदिबंधापाशी जरा लवकरच थांबते. टोल्कीनचा गँडाल्फ, टी. एच. व्हाइटचा मर्लिन, रोलिंगचा डम्बलडोर यांना एका साच्यात बसवले की वर्गीकरण पार पडते. यांपैकी प्रत्येकाचे त्या मुलाशी नेमके कोणते नाते आहे, हा प्रश्न तसाच राहतो. मीही वर्षानुवर्षे वर्गात साचाच शिकवला.

वडील गेल्यानंतर अर्सुला ल ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) पुन्हा हाती घेतली. गेडची आई तो वर्षाचा होण्याआधीच वारलेली, बाप धातुकाम करणारा, कठोर. तेराव्या वर्षी ओगियन त्याला त्याचे खरे नाव देतो आणि सोबत नेतो. आता मंत्रविद्या मिळणार, असे मुलाला वाटते. वाट्याला येते ती पायपीट आणि रानातल्या वनस्पतींची नावे. पाऊस मंत्राने परतवता येत असूनही ओगियन एका दाट झाडाखाली निवांत निजतो. गेड भिजत, चडफडत राहतो. हा प्रसंग मी आजवर ‘सृष्टीतील समतोल’ या आशयसूत्राचे उदाहरण म्हणून देत आलो. या वेळी प्रथमच मला तो भिजणारा मुलगा दिसला. मी विज्ञान शाखा सोडून मराठी घेतले तेव्हा वडील एक शब्दही बोलले नाहीत. फीचे पैसे तेवढे टेबलावर ठेवले. ती मी उदासीनता मानली, आणि तो समज फार काळ जपला.

न बोलणे डम्बलडोरकडेही आहे. पण त्याचे मौन योजनेचा भाग असते. शेवटच्या खंडात (२००७) हॅरीला कळते की, योग्य वेळी मरणाला सामोरे जाता यावे म्हणून आपल्याला जपले गेले. डम्बलडोरची माया खोटी नव्हे, हे मान्य करूनही तो हिशेब मनातून जात नाही. ओगियनजवळ असा हिशेबच नाही. राहायचे की रोकला जायचे, हे तो गेडलाच ठरवू देतो. पुढे ससाण्याच्या रूपात अडकलेला, बोलणेही विसरलेला गेड त्याच्या हातावर येऊन बसतो, तेव्हा तो त्याला ओळखतो. नाव त्यानेच दिलेले असते.

‘टेहानू’मध्ये (१९९०) शक्ती गमावलेला गेड गाँट बेटावर परततो, तेव्हा ओगियन गेलेला असतो. मीही रात्रीच्या गाडीने पोहोचलो तो सकाळी, सारे आटोपल्यावर. टेबल होते तिथेच होते.