बैठक

दुखण्यांमध्येही उच्चनीच भेद असतो. डोके दुखू लागले की माणूस ते चारचौघांत बिनदिक्कत सांगतो. गुडघ्यांची गोष्ट तर विचारूच नका; गुडघेदुखीला वयाचा मान असतो, आणि ती सांगणाऱ्याला लोक बसायला खुर्ची देतात. पण सायकलच्या सीटने जे दुखते, त्याची वाच्यता करायची सोय नाही. सांगणाराही हसतो, ऐकणाराही हसतो. म्हणून कितीतरी सायकलस्वार हे दुखणे मुकाट्याने सोसतात, आणि सोसवेनासे झाले म्हणजे 'हल्ली वेळच मिळत नाही' असे एखादे सभ्य कारण पुढे करून सायकल भिंतीला टेकवून ठेवतात.

या विषयाकडे मला आणले ते माझ्या गुडघ्यांनी. वर्ध्यातल्या शाळेतून मी निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी बजावले, "गुरुजी, चालण्यापेक्षा सायकल बरी. चालताना अंगाचा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर तो सीट उचलते." सल्ला सोपा होता, पण त्यात एक अट दडलेली होती. सीटने भार उचलायचा, हे खरे. पण शरीराच्या कोणत्या जागी?

आमच्या पिढीची सीटशी ओळख तशी उशिराच झाली. वडिलांची काळी, चोवीस इंची सायकल. दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला लोंबकळत ठेवून, हाफ पायडल मारीत आम्ही शिकलो. मग दांडीवरून पाय टाकण्याइतकी उंची आली, आणि त्यानंतर कधीतरी सीट मिळाली. ती आमची बढतीच होती. सिंहासन टोचते अशी तक्रार कोण्या राजाने केल्याचे ऐकिवात नाही. आम्हीही केली नाही.

पण आता विचार करतो तेव्हा नवल वाटते. शिंपी छाती, कंबर आणि बाही मोजतो. चपला घेताना आपण चार जोड घालून पाहतो, दुकानात दोन फेऱ्या मारतो. चष्म्याला तर प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा. आणि जिच्यावर तासन् तास बसायचे, ती सीट मात्र सायकलबरोबर जी येईल ती! ती टोचली तर सगळ्यांचा उपाय एकच: खोगीरभरती. आमच्या आळीत कुणी स्पंजचे कव्हर चढवले, कुणी लिबलिबीत जेलची गादी आणली, एकाने तर उशीच बांधली. गल्लीच्या टोकापर्यंत सगळे खूष असत. पाच-सहा किलोमीटरनंतर पुन्हा तेच.

याचा उलगडा आमच्या सायकलवाल्याने एका वाक्यात केला. हातातला पाना खाली न ठेवता तो म्हणाला, "गादीनं नाई होत जी, गुरुजी. हाडाले जागा पाह्यजे."

शरीरशास्त्र यापेक्षा निराळे काही सांगत नाही. आपण बसतो तेव्हा कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेली दोन हाडे आपल्याला पेलून धरतात. दगडावर बसले की ती स्पष्ट कळतात. सीट मऊ असली म्हणजे ही हाडे तिच्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेतल्या नसा व रक्तवाहिन्या दाबतो. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आणि त्याकडे दुर्लक्ष करण्यासारखे नसते. सीट फार अरुंद असेल तर हाडे दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि भार पुन्हा मधल्याच भागावर पडतो. फार रुंद असेल तर मांड्या घासतात. अभ्यंगस्नानाला आपण लाकडी पाटावर बसतो, तो काही मऊ नसतो. पण हाडांना त्यावर जागा असते, म्हणून उटणे लावून घेण्याचा वेळ सुखाने जातो.

तेव्हा प्रश्न मापाचा होता. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत एक रिकामे खोके हाती लागले. त्याचा आतून पन्हळी असलेला पुठ्ठा कापून मी लाकडी स्टुलावर ठेवला, सायकलवर बसतो तसा किंचित पुढे झुकून त्यावर बसलो आणि उठलो. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. त्यांच्या मध्यांमधले अंतर भरले अकरा सेंटिमीटर. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे हाडे कडेवर येत नाहीत. ताठ बसून चालवणाऱ्याला आणखी थोडी रुंद, हँडलवर वाकणाऱ्याला थोडी कमी.

हा सोहळा सौभाग्यवती चकल्या तळता तळता पाहत होत्या. हात पुसून त्या आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला बघू द्या." त्यांचे अंतर निघाले तेरा. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात. पण हे माप उंचीवरून वा वजनावरून ओळखता येत नाही. बायकांमध्ये ते सर्वसाधारणपणे अधिक असते.

पुठ्ठ्याकडे पाहत त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कॉलेजात असताना दोन वर्षं सायकल चालवली मी. भावाची होती. फार दुखायचं. सांगणार कुणाला? मला वाटायचं, सायकल चांगलीच आहे, माझ्यातच काही कमी आहे. मग सोडून दिली." दोन सेंटिमीटरांची गोष्ट, आणि त्यापायी एका मुलीची सायकल चाळीस वर्षांसाठी सुटली!

अशी तक्रार जगात पूर्वीही झाली आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन ब्रूक्स नावाचा चामड्याचा कारागीर होता. त्याचा घोडा मेला म्हणून तो सायकलवर बसू लागला आणि तिच्या सीटला इतका वैतागला की स्वतःच चामड्याची सीट बनवू लागला, असे त्याची कंपनी सांगते. 1882 साली त्याने त्या सीटचे पेटंट घेतले. पुढून मागे ताणून बसवलेले जाड चामडे, खाली आधाराला काही नाही. शेकडो किलोमीटर चालल्यावर ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबते आणि त्याचेच होऊन जाते. सैल पडले तर पुढचा नट जरा आवळायचा. दुसऱ्याने वापरलेली अशी सीट दुसऱ्याच्या चपलेसारखीच.

आम्ही मात्र साध्याच सीटा घेतल्या: कडक, आपापल्या मापाच्या, मधोमध खोलगट. सायकलवाल्याने एक तास घालवला. टाच पायडलवर ठेवली असता पाय खाली सरळ व्हावा, एवढी उंची ठेवली. ती जास्त झाली तर कंबर डावी-उजवी हलते आणि उत्तम सीटही घासते. टोक आकाशाकडे नको, जमिनीकडेही नको. आधी सपाट ठेवून मग केसभर इकडेतिकडे. आणि त्याने बजावले की पंधरा दिवस निकाल देऊ नका; अंगालाही सवय व्हावी लागते.

थंडी पडू लागली तेव्हा आम्ही दोघे पहाटे पवनारला निघालो. नागपूर रस्त्याने आधी नालवाडी लागते. विनोबा 1932 पासून तिथे राहत, आणि गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे मेलेल्या जनावरांचे कातडे कमावून चर्मालय चालवले. मग धाम नदी, आणि तिच्या काठचा आश्रम, जिथे विनोबा 1938 साली आले आणि 1959 साली त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. रस्ताभर सौभाग्यवती बोलत होत्या: शेतातला कापूस, नातीचे नाव, नदीला पाणी किती असेल. नदीच्या पायऱ्यांवर बसल्यावर मी विचारले, "सीट कशी आहे?"

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "लक्षातच नाही आलं."

सीटला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. घरात फराळाचे डबे रिकामे झाले की मिठाईचे खोके उरतेच, वाचकहो. फेकण्यापूर्वी त्याचा एक तुकडा कापून ठेवा. आणि घरातल्या बायकांना आधी बसू द्या.