सवलत शून्य कुणी केली?

एका नगरपालिकेतली गोष्ट आहे, नाव नको. मुदतीआधी घरपट्टी भरणाऱ्यांना १० टक्के सवलत द्यायचा ठराव झाला. लोक आले, रांगा लागल्या, पावत्या निघाल्या. सवलत ० रुपये. खिडकीवर उत्तर एकच, "सिस्टीममध्ये येत नाहीये हो काका." मग कर विभागातल्या लिपिक ताईंना कारणे दाखवा नोटीस निघाली, चुकीची नोंद केली म्हणून. प्रोग्रॅमिंग हा माझा धंदा, म्हणून त्यांनी मला बघायला सांगितलं. थोडं तांत्रिक आहे, पण वाचा.

या सॉफ्टवेअरमध्ये सगळे नियम डेटाबेसच्या एकाच रकान्यात मजकूर म्हणून कोंबलेले आहेत. एका ओळीत एक नियम. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. प्रोग्रॅम आधी ओळी सुट्या करतो, मग प्रत्येक ओळ त्या चिन्हावर तोडतो. यात खड्डे बरेच. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा असतात, लिनक्सवर एक. जास्तीची खूण किमतीला चिकटली की 'हो' हे 'हो' राहत नाही. किमतीतच बरोबरचं चिन्ह आलं (पेमेंटच्या लिंकमध्ये हमखास येतं) आणि तोडणी निष्काळजी असली, तर पुढचा भाग गायब.

इथे भानगड वेगळीच निघाली. ताईंनी दहाचा आकडा मराठीत टाइप केला होता. करणारच ना! ठराव मराठीत, टिपणी मराठीत, १९६४ चा राजभाषा अधिनियम आपलाच. पायथॉनला '१०' पूर्णांक म्हणून वाचायला दिलं तर ते बरोबर दहा समजतं. जावास्क्रिप्ट निदान 'हा आकडा नाही' एवढं तरी सांगते. पीएचपीत मजकुराचा सक्तीने पूर्णांक करायला गेलात, तर ती चकार शब्द न काढता ० हातात ठेवते. हे सॉफ्टवेअर पीएचपीतलं.

माझ्या मते न वाचता आलेली किंमत शून्य धरणं हा एक निर्णय आहे, आणि तो सभागृहाने घेतलेला नाही. 'सवलतीची ओळ वाचता येत नाही' असं म्हणून बिलं थांबवायला चार ओळींचा कोड पुरतो. तो मागायला टेंडरमध्ये कुणाला सुचलं नाही. नवा मजकूर सेव्ह केला की जुना पुसला जातो, कुणी कधी बदलला याची नोंदच नाही. उद्या माहिती अधिकारात कुणी विचारलं, की गेल्या वर्षी दंडाचा दर काय होता आणि तो कुणी भरला, तर हा रकाना काहीच सांगू शकणार नाही. मग नोटीस कुठल्या पुराव्यावर? ताईंनी स्वतःहून सांगितलं, म्हणून!

कंपनीने आकडा इंग्रजीत करून दिला. जास्त घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते करणार म्हणे. नोटीस अजून मागे घेतलेली नाही.