लिंकनची खडी, ऑगस्टचं ऊन

कॅन्सस सिटीतल्या आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात थंडीची चाहूल लागली की एकच प्रश्न फिरायला लागतो: पुढच्या वर्षी कुठली? कुठली म्हणजे खडीवरची लांब पल्ल्याची कुठली शर्यत. अमेरिकेच्या या मधल्या पट्ट्यात त्यासाठी दूर जावं लागत नाही. 1785 च्या कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीनं इथली जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत आखली गेली, पुढे त्या चौकोनांच्या कडेनं रस्ते पडले. डांबर घालावं इतकी वाहतूक नाही, म्हणून काउंटीचे लोक चुनखडी दगडाची खडी टाकतात आणि अधूनमधून ग्रेडर फिरवतात. दिवसभर सायकल हाकली तरी भेटतात ते चार-दोन पिकअप ट्रक आणि अंगावर येणारी कुत्री. शर्यत हा शब्द माझ्यासाठी जरा मोठाच आहे. पुढचे थोडे लोक शर्यत करतात, बाकीचे आम्ही मुदतीत पोचायला जातो.

या प्रश्नाचं आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘अनबाउंड’. कॅन्ससमधलं एम्पोरिया गाव, मेअखेर किंवा जूनची सुरुवात, 200 मैल. म्हणजे 322 किलोमीटर. 2006 मध्ये 34 जणांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीत आता हजारो लोक उतरतात आणि प्रवेशासाठी सोडत निघते. माझ्या घरापासून गाडीनं दोन तास. ज्या शर्यतीसाठी लोक युरोपातून विमानानं सायकली आणतात, ती उंबऱ्याशी असताना दुसरीकडे बघायचं कशाला, असं सगळेच म्हणतात.

एम्पोरियाभोवतीच्या टेकड्यांचं नाव फ्लिंट हिल्स. चुनखडीच्या थरांत इथे गारगोटीसारखा चकमकीचा दगड ठासून भरलेला आहे. फुटला की त्याला पात्यासारखी धार येते, आणि टायरची बाजू अशी चिरते की आतलं सीलंट भळाभळा बाहेर येतं आणि प्लगही टिकत नाही. याच दगडानं नांगराला मात्र इथून परत पाठवलं. म्हणून बाकी अमेरिकेत जवळपास संपलेलं उंच गवताचं माळरान इथे सलग उरलं. वसंतात ते गवत पेटवतात; काळ्या पडलेल्या टेकड्या काही आठवड्यांत पोपटी होतात. मी तिथे सरावाला आवडीनं जातो. पण सरावाला जाणं आणि 200 मैलांसाठी नाव देणं यात फरक आहे.

तो फरक मी 2023 मध्ये जवळून पाहिला. मित्राचा क्रू म्हणून गेलो होतो. क्रू म्हणजे चेकपॉइंटच्या गावी तंबू ठोकून बसायचं, गडी आला की बाटल्या भरायच्या, साखळीला तेल घालायचं, हातात खायला कोंबायचं आणि ढकलून द्यायचं. त्या वर्षी सुरुवातीच्या टप्प्यातच चिखल लागला. तिथली माती ओली झाली की चाक, फ्रेम, गिअर बदलणारा डिरेलर यांच्या फटींत जाऊन थापली जाते, आणि चाक फिरायचंच थांबतं. लोकांनी सायकली खांद्यावर घेतल्या. ज्यांनी जोर लावून पेडल मारलं त्यांचे डिरेलर मोडले आणि त्यांचा दिवस तिथेच संपला. माझ्या मित्रानं जर्सीच्या खिशात रंगाच्या दुकानात मिळते ती रंग ढवळायची लाकडी काठी ठेवली होती. दर थोड्या अंतरावर उतरून तो चिखल खरवडत राहिला. मुरलेले लोक ही काठी बरोबर ठेवतातच. तो चेकपॉइंटला आला तेव्हा डोळे सोडून काही ओळखू येत नव्हतं.

चिखलाचा धसका घेतला असं नाही. तो कुठेही लागू शकतो. मला खटकला तो हिशोब. खडीवर दिवसभराचा माझा वेग ताशी 21 किलोमीटर धरला तर 322 किलोमीटरला नुसती चालती सायकल पंधरा तासांच्या वर जाते. थांबे, पंक्चर, उलटा वारा धरला तर सतरा-अठरा. पहाटे सहाला निघून अंधार पडल्यावरही बराच वेळ खडीवर. म्हणजे सरावही रात्रीचा हवा, आणि लांब फेऱ्या मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा इथला दक्षिणेचा वारा माणसाला जागेवर उभा करतो. तिकडे पुण्या-नाशकात 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. ते डांबर असतं तरीही पहिल्यांदा करणाऱ्याला पुरून उरतं.

नाशिकचा माझा आतेभाऊ फोनवर म्हणाला, “अरे, आमच्या महाजन बंधूंनी अख्खी अमेरिका पार केली, तू 200 मैलांना काय घाबरतोस?” डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये दोघांच्या संघानं ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि ती वाट कॅन्ससमधूनच जाते, हे खरं. पण त्यांच्यामागे गाडी होती, पथक होतं आणि त्यांनी त्यासाठी आयुष्याची घडी बदलली होती. मला नोकरी, दहावीतली मुलगी आणि मे महिन्यात नागपूरहून येणारी आई सांभाळून काय जमेल ते बघायचं होतं.

मग ‘मिड साउथ’चा विचार आला. ओक्लाहोमातलं स्टिलवॉटर, 100 मैल, लाल माती. तिथला सायकल-दुकानवाला बॉबी विंटल शेवटच्या रेषेवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारतो, अगदी शेवटच्यालाही. या एका गोष्टीवरून नाव द्यावंसं वाटतं. पण ती मार्चच्या मध्यात असते. म्हणजे तिचा सगळा सराव जानेवारी-फेब्रुवारीत, तळघरात ट्रेनरवर भिंतीकडे तोंड करून. काही लोकांना ते जमतं; पडद्यावर मालिका लावतात आणि तीन तास घाम गाळतात. मला तासाभरात स्वतःचाच कंटाळा येतो. बरं, बाहेर पडावं तर नागपूरच्या हाडांना इथली थंडी अजून मानवलेली नाही. बोटं बधिर झाली की गिअरही बदलता येत नाही.

शेवटी निवडली ती नेब्रास्कातल्या लिंकनची ‘ग्रॅव्हल वर्ल्ड्स’. 150 मैल, म्हणजे 241 किलोमीटर, ऑगस्टमध्ये. नावात विश्वविजेतेपदाचा थाट असला तरी तो आयोजकांनी थट्टेत घेतलेला. मंडळाचं नाव ‘पायरेट सायकलिंग लीग’, सगळीकडे चाचेगिरीचा मामला. सायकलिंगच्या जागतिक महासंघाची अधिकृत ग्रॅव्हल स्पर्धा 2022 मध्ये सुरू झाली, त्याच्या आधीपासून हे लोक आपलं विश्वविजेतेपद भरवताहेत.

साधं कारण असं की तिचा सराव मे, जून, जुलैमध्ये येतो. जूनमध्ये इथे सहाच्या आधी उजाडतं. साडेपाचला निघालो तर आई उठून चहा टाकेपर्यंत दोन-अडीच तास पदरात पडतात. शनिवारी लांब फेरी, रविवारी दमल्या पायांनी पुन्हा मध्यम फेरी; असा जोड-सराव केला की शनिवार-रविवारच्या दुपारी घरच्यांसाठी मोकळ्या राहतात. बायकोची अट एवढीच आहे की दुपारच्या जेवणाला मी ताटावर जागा असावा.

ऑगस्टचं ऊन मी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. शेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळलेल्याला कोण घाबरवणार! पण ते ऊन नागपूरचं नाही, रत्नागिरीचं आहे. लिंकनच्या चहूबाजूंना मका, आणि वाढीला लागलेलं एक एकर मक्याचं शेत दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी हवेत सोडतं. रस्ता दोन्हीकडून मक्यानं बंद झाला की वारा अडतो आणि घाम वाळतच नाही. जमीनही सपाट नाही. एकामागून एक आखूड चढ येतात, उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यात संपतो. म्हणून जुलैमधल्या काही फेऱ्या मुद्दाम उशिरा, नऊनंतर सुरू करायच्या ठरवल्या आहेत. ताशी साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत आणि उकाड्यात जेल नको वाटतं. त्यावर उपाय आईकडून येणार आहे. फॉइलमध्ये गुंडाळलेली गूळ-तूप-पोळी सरावात अजून तरी पोटाला बाधलेली नाही. चिक्की बाद, कोरड्या तोंडानं ती चावता चावता श्वास चुकतो.

मित्राचं या वर्षीही अनबाउंडच्या सोडतीत नाव लागलंय. आई त्याच महिन्यात येतेय, तेव्हा तिलाही एम्पोरियाला नेणार आहे, क्रूच्या तंबूत बसायला. तिनं फोनवर विचारून घेतलं की तिथे सावली असते का, आणि किती जणांचं करून आणायचं.