छातीतला आवाज

आपल्या भाषेने हृदयावर जेवढा भार घातला आहे, तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर घातलेला नाही. हृदय भरून येते, पिळवटते, विदीर्ण होते आणि प्रसंगी दगडाचेही होते. काळजाचे तर पाणीच होते. वैद्यकाच्या दृष्टीने काळीज म्हणजे यकृत, पण भाषेला त्याची पर्वा नाही. या साऱ्या गडबडीत रक्त पुढे ढकलण्याचे एक साधे, अखंड काम हा अवयव करीत असतो, याची आठवण फारशी कोणास राहत नाही. म्हणूनच ‘मुलीच्या हृदयात जादा आवाज येतो’ असे कोणी म्हणाले की ऐकणाराच्या मनात डॉक्टरांचे हृदय येत नाही, कवींचे येते; आणि सारे घर मुके होते.

निमगाव सावा येथील आमच्या घरी हे वाक्य शाळेतून आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाल्यापासून डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. पहिलीत शिकणाऱ्या आमच्या नातीच्या छातीवर नळी ठेवून पथकातील डॉक्टर नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ थांबले, आणि पुण्यास बालहृदयतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्यावे, अशी चिठ्ठी त्यांनी दिली. असा आवाज पुष्कळ मुलांच्या छातीत ऐकू येतो व बहुधा तो निरुपद्रवी असतो. तथापि शंभरांत एखादे मूल हृदयात जन्मजात दोष घेऊन येते, तेव्हा खात्री करून घेणे इष्ट, असे ते म्हणाले. तोपर्यंत मुलीला नेहमीसारखे खेळू द्यावे, असेही त्यांनी सांगितले. घरी येईपर्यंत या बोलण्यातला धीराचा भाग वाटेतच कोठे तरी गळून पडला.

मग आल्यागेल्याचे सल्ले सुरू झाले. पोरीला पळू देऊ नका, असे एकाने बजावले. दुसऱ्याने आपल्या कोणा आप्ताची भयकथा सांगितली. सुनेचे जेवणावरचे लक्ष उडाले. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते : मुलीला यातले काही कळू द्यावयाचे नाही. पुण्यास बाग पाहावयास जायचे आहे, एवढेच तिला सांगावे.

येथे आमचा मतभेद होता. आपण खोलीत शिरताच मोठी माणसे बोलायची थांबतात, हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. बागेऐवजी तपासणीचे टेबल दिसल्यावर ते मूल पुढच्या खेपेस आपल्या शब्दावर विश्वास का ठेवील? आणि दोष निघालाच तर पुढच्या खेपा थोड्या नसतात. शिवाय रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या हृदयाचे चित्र यंत्रावर नीट उमटत नाही. खरे बोलणे हा येथे केवळ नीतीचा प्रश्न नव्हता. तपासणीची ती अर्धी तयारीच होती.

कोणत्या शब्दांत सांगावे, हे कोडे खोडदने सोडविले. तेथील महादुर्बिणीच्या तबकड्या आमच्या भागातील मुलांच्या ओळखीच्या आहेत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अदृश्य लहरी टिपतात. आम्ही नातीला म्हणालो, ‘‘त्या तबकड्या आकाशाचे ऐकतात ना, तसे डॉक्टरांचे लहानसे यंत्र तुझ्या छातीतले ऐकणार. ते आधी कानाला न कळणारा आवाज आत सोडते, मग परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र काढते.’’

‘‘दुखतं का, आबा?’’

‘‘नाही. छातीला गार, बुळबुळीत मलम लावतात. बोटाला एक चिमटा बसवतात, तो चावत नाही. चिकट्या लावून ठोक्यांची रेघ काढतात.’’

‘‘आणि सुई?’’

‘‘बहुधा नाही. लागलीच, तर तुला आधी सांगू.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘आधी सांगायचं हं,’’ एवढेच ती म्हणाली आणि अंगणात गेली.

तिच्या आजीची समजूत घालणे अधिक कठीण होते. त्यांना आम्ही हेलन टॉसिग या डॉक्टरीणबाईंची हकीकत सांगितली. ऐकू कमी येऊ लागल्यावर या बाई मुलांच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची चाल ओळखीत. निळ्या पडणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांकडे अधिक रक्त वळविता येईल, ही कल्पना त्यांची. व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत ती क्रिया बसविली आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे डॉ. ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. पुढे १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूंतील दोष शोधणारी प्रतिध्वनीची युक्ती हृदयाकडे वळविली. तेव्हा ज्यांवर इलाज नव्हता, असे कितीतरी दोष आज दुरुस्त होतात. आजींना तारखांचे काही वाटले नाही. ‘‘बोटांनी ऐकायची,’’ हे मात्र त्यांनी दोनदा म्हटले.

राहता राहिले कागद. शाळेची चिठ्ठी, लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचे वजन, जुन्या आजारांच्या चिठ्ठ्या यांची एक पिशवी झाली. मग डॉक्टर काय विचारतील, ते लिहावयास आम्ही सुनेला बसविले. अंगावर पिताना मूल दमे का, घामाघूम होई का? ओठ-नखे कधी निळी पडली? न्यूमोनिया वरचेवर झाला? खेळता खेळता मध्येच उकिडवी बसते? घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेले आहे? यांतील बहुतेक उत्तरे घरात तिच्याएवढी कोणासच ठाऊक नव्हती. लिहिता लिहिता तिचा हात स्थिर झाला, आणि त्या रात्री ती सर्वांबरोबर जेवली.

दुसऱ्या बाजूस आमचे प्रश्न : आवाज कशाचा? उपचार लागेल का? पुन्हा केव्हा दाखवावे? नातीने कागद मागून घेतला व सर्वांच्या वर, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत आपला प्रश्न लिहिला : ‘मी शर्यतीत पळू का?’ शाळेच्या स्पर्धा जवळ आल्या आहेत. तज्ज्ञांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच राहील, असे आम्ही तिला वचन दिले आहे.