ब्रेडमेकर आणि पिठाचा गोळा

घरगुती ब्रेडमेकरमध्ये पीठ मळणे, फुगू देणे आणि भाजणे ही पावाची तिन्ही कामे एकाच भांड्यात होतात. भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते असते. त्याला पट्ट्याने मोटारशी जोडलेले असते. भांड्याभोवती तापणारी कॉइल असते आणि उष्णता मोजणारा सेन्सर असतो. कोणते काम किती मिनिटे चालावे हे आधीच ठरवून दिलेले असते. साधा पाव तीन ते चार तासांत होतो, कणकेच्या पावाला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो.

या यंत्राची मुळे ओसाकातल्या एका हॉटेलात आहेत. १९८५च्या सुमारास मात्सुशिता कंपनीने असे यंत्र बनवायला घेतले, पण पाव काही केल्या नीट होईना. कड करपायची आणि आतला भाग कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रेही ताडून पाहिली गेली. तरी उत्तर मिळेना. तेव्हा कंपनीतल्या सॉफ्टवेअर तज्ज्ञ इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. त्याच्या शेजारी उभे राहून पीठ मळताना त्यांच्या लक्षात आले की तो पीठ नुसते दाबत नाही, त्याला पीळ देत ताणतो. तो पीळ यंत्रात उतरवण्यासाठी भांड्याच्या आतल्या बाजूला खास कंगोरे दिले गेले आणि १९८७मध्ये यंत्र बाजारात आले. एका कसबी हाताची सवय अशी यंत्राला मिळाली. नजर मात्र मिळाली नाही. यंत्र घड्याळावर चालते. पीठ सैल आहे की घट्ट, फुगले की नाही, हे त्याला कळत नाही. ते पाहणे वापरणाऱ्याकडेच राहते.

पाहण्याची सुरुवात वजनकाट्यापासून होते. वाटीने मोजलेले पीठ कधी दाबून भरले जाते, कधी हलके. काटा मात्र फसत नाही. चारशे ग्रॅम मैद्याला साधारण २५० मिलिलिटर पाणी, सात ग्रॅम मीठ, चार ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचा-दीड चमचा साखर व तेल किंवा लोणी, हे बेताचे प्रमाण. गिरणीतून दळून आणलेली कणीक अधिक पाणी पिते. तेवढ्याच कणकेला तीनशे मिलिलिटरपर्यंत पाणी लागू शकते. कणकेतला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, म्हणून निव्वळ कणकेचा पाव बुटका आणि भरीव होतो. निम्मा मैदा मिसळला की तो हलका होतो.

जिन्नस घालण्याचा क्रम यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. बहुतेक यंत्रांत पाणी तळाशी, त्यावर मीठ, साखर आणि तेल, मग पीठ, आणि पिठात खळगा करून त्यात यीस्ट. काही यंत्रांत यीस्ट तळाशी आणि पाणी सर्वांत शेवटी असते. दोन्हींमागचे कारण एकच: मळणे सुरू होण्याआधी यीस्टला पाणी लागू नये. रात्री टायमर लावून सकाळी गरम पाव हवा असेल तर हे फार महत्त्वाचे. अशा वेळी दूध आणि अंडी टाळावीत, कारण रात्रभर उबेत ती नासतात.

मळणे सुरू झाल्यावर पाच ते दहा मिनिटांनी झाकण उघडावे. साऱ्या पावाचा निकाल इथे लागतो. आधी ओबडधोबड दिसणारे पीठ आता भांड्याच्या कडा सोडून पात्याभोवती एका गोळ्यात फिरत असते. गोळा गुळगुळीत हवा. पोळीच्या कणकेपेक्षा तो थोडा सैल असावा आणि बोट लावले तर जरासा चिकटून लगेच सुटावा. तळाशी पिठाचा चिखल पसरत असेल तर चमचाभर पीठ भुरभुरावे. गोळा भेगाळलेला असेल, भांड्याच्या कडांवर आपटत असेल आणि मोटार कण्हत असेल, तर चमचाभर पाणी घालावे. दर चमच्यानंतर मिनिटभर थांबून पाहावे. कोपऱ्यात अडकलेले कोरडे पीठ रबरी उलथन्याने आत ढकलावे. पीठ फुगायला लागल्यावर मात्र झाकण उघडू नये. ऊब निघून जाते.

ऋतूप्रमाणे हात बदलावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा धरते, तेव्हा पाणी चमचा-दोन चमचे कमी लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात फ्रीजमधले पाणी वापरावे आणि यीस्ट पाव हिश्शाने कमी करावे. नाहीतर पीठ वेळेआधी फुगते आणि भाजताना मधोमध खचते. थंडीत पाणी कोमट चालते, कढत नाही, कारण साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

भाजून होताच पाव बाहेर काढावा. भांड्यात राहिला तर स्वतःच्याच वाफेने ओलावतो आणि खरपूस कड मऊ पडते. जाळीवर तासभर निवू द्यावा, मगच सुरी लावावी. गरम पाव कापला की आतला भाग चिकट होऊन सुरीला लागतो.

यंत्राचा पाव भांड्याच्या आकाराचाच होतो. लादीपाव हवा असेल तर नुसते मळण्याचे आणि फुगवण्याचे बटण असते. दीडेक तासाने पीठ काढून, हाताने गोळे वळून, ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून मांडावेत. ते पुन्हा फुगले की ओव्हनमध्ये भाजावेत. मळण्याचे कष्ट यंत्राचे, घडण हाताची.

विजेचे भान ठेवावे. अमेरिकेतून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते थेट लावले तर जळते. पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. अनेक यंत्रे काही मिनिटेच वीज गेली तर पुढचे काम तिथूनच सुरू करतात. वीज बराच वेळ गेली तर पीठ काढून ओव्हनमध्ये किंवा जाड बुडाच्या पातेल्यात भाजता येते. मळताना यंत्र थरथरत सरकते, म्हणून ओट्याच्या कडेपासून आणि भिंतीपासून ते दूर ठेवावे.

निगा सोपी आहे, पण रोजची आहे. पाव निघाल्यावर भांड्यात कोमट पाणी भरून ठेवावे, म्हणजे पाते आपोआप सुटते. पात्याच्या भोकात वाळलेले पीठ काडीने काढावे आणि पुढच्या वेळी दांड्याला तेलाचे बोट लावावे. आतला लेप ओरखडला जाऊ नये म्हणून धातूचा चमचा आणि तारेची घासणी वापरू नये. भांडे पाण्यात बुडवू नये. तळाच्या सीलमध्ये पाणी शिरते. कॉइलभोवतीचा चुरा यंत्र थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने टिपावा, नाहीतर मुंग्या आणि झुरळे येतात. पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नये. भांड्याखाली काळपट डाग दिसू लागला किंवा पाणी झिरपू लागले की सील झिजले असे समजावे. मोटारचा आवाज येतो पण पाते अडखळते, तर बहुधा पट्टा सैल झालेला असतो. अशा वेळी सुटे भाग बदलून घेतले की यंत्र पुन्हा कामाला लागते.