तोंडी हुकूम

घटनेविरुद्धचा हुकूम पाळू नका, हे पोलिसांना सांगायचे कसे, याबद्दलचे माझे मत बदलले आहे. पेण-रोह्याच्या कोर्टांत वकिली करताना पोलिसांशी रोजचा संबंध येतो. पूर्वी मी त्यांना चंद्रसिंह गढवालींची गोष्ट सांगायचो. 23 एप्रिल 1930 ला पेशावरात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला गढवाली पलटणीतल्या या हवालदाराने आणि त्याच्या सोबत्यांनी नकार दिला. 25 जून 1975 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायणांनी पोलिसांना आणि सैन्याला बेकायदा हुकूम न पाळण्याचे केलेले आवाहनही सांगायचो. विवेक जागा झाला की माणूस नकार देईल, असे मला मनापासून वाटत होते.

रोह्याकडच्या एका निवृत्त हवालदारांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, हुकूम तोंडी येतो. बदली मात्र लेखी येते."

त्यानंतर गढवालींची गोष्ट मला पुरेशी वाटेना. त्यांना जन्मठेप झाली होती. मी ती अभिमानाने सांगायचो; ऐकणाऱ्या शिपायाला सुटणारे क्वार्टर आणि पोरांची अर्धवट राहणारी शाळा दिसायची. हौतात्म्य मागून कोणाचा नकार मिळवू नये, असे आता माझे ठाम मत आहे. त्याला कायद्याचा आधार दाखवायला हवा, आणि तो आहे. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 64 वरिष्ठांचे हुकूम पाळायला सांगते ते कायदेशीर हुकमांपुरतेच. मुंबईतल्या 2006 च्या लखनभैया चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बजावले, की खोट्या चकमकीचा हुकूम नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे, वरिष्ठांकडे बोट दाखवून सुटका नाही. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या 21 जणांत 13 पोलीस होते. पालघरमध्ये 2012 साली फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, तेव्हाही निलंबनाची वेळ पोलीस अधिकाऱ्यांवरच आली.

म्हणून आता मी साध्या गोष्टी बोलतो. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला सांगितले, तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी कुठे आहे ते विचारा. चोवीस तासांच्या पुढे कोणाला बसवून ठेवायला सांगितले, तर हुकूम लेखी मागा. स्टेशन डायरीत नोंद करा. मात्र सरकारचे धोरण पटत नाही म्हणून बंदोबस्त नाकारायचा नाही. हायवेवरचा रास्ता रोको हटवायचा हुकूम कायदेशीर असू शकतो. बेकायदा हुकूम आणि न पटणारा हुकूम यांतला हा फरक पोलिसांना आपल्यापेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही बदलीची भीती उरतेच, आणि तिथे प्रश्न आपल्याकडे येतो. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, तेव्हा सगळे रोहे त्यांच्या भोवती उभे असते. बेकायदा हुकूम नाकारला म्हणून कंट्रोल रूमला जमा केलेल्या शिपायामागे कोण उभे राहते?

पेण आणि रोह्याच्या वकील बंधुभगिनींना माझी विनंती आहे: अशा पोलिसाची महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातली, म्हणजे मॅटमधली, केस आपण फी न घेता चालवू या. त्या यादीत पहिले नाव माझे घाला.